बाळंतपणानंतरची पहिली संध्याकाळ: कॅनडातल्या मूळनिवासी संगीत-कलेच्या कार्यक्रमाला जाताना

बाळ झाल्यावर पहिल्यांदा दोन-चार तास बाहेर पडायचं ठरलं की बहुतेक जणींचे पाय मॉलकडे नाहीतर एखाद्या रेस्टॉरंटकडे वळतात. तुम्ही कॅनडात राहत असाल तर माझा आग्रह वेगळा आहे. ती संध्याकाळ इथल्या मूळनिवासी, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी कलाकारांना द्या. पॉववॉवच्या, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच यांच्या मोठ्या संमेलनाच्या, मैदानात लेकुरवाळ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, कारण तिथे आजी, आई आणि रांगतं पोर एकाच सतरंजीवर बसलेलं असतं. पॉववॉवला सहसा दारूला मज्जाव असतो, त्यामुळे गर्दीतही अंग चोरून बसावं लागत नाही. आणि बायकांनी बायकांसाठी जपलेली गाणी ऐकायला बाळंतपणानंतरच्या महिन्यांइतका चांगला काळ नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण ही गाणी सहज टिकलेली नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॉटलॅच या सोहळ्यावर कॅनडात १८८५ पासून कायद्याने बंदी होती, पुढे इतर समारंभ आणि नाचांवरही बंधनं आली. ही बंदी १९५१ मध्ये कायद्यातून गेली. म्हणून तयारी दोन्ही बाजूंनी करायची: बाळाची सोय आणि पाहुणी म्हणून आपलं वागणं. पहिली केली नाही तर अर्धं लक्ष फोनकडे राहतं. दुसरी केली नाही तर नाच बघून येतो आणि हाती काहीच लागत नाही.

आधी स्वतःची तब्येत

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी डॉक्टर किंवा मिडवाइफकडे जी तपासणी होते, ती होऊन जाऊ द्या. त्याआधी निघूच नये असा नियम नाही, पण टाके भरले आहेत का, रक्तस्राव आटोक्यात आहे का, हे त्या भेटीत कळतं. सिझेरियन झालं असेल तर गाडी स्वतः चालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. गुंगी आणणारी वेदनाशामकं चालू असतील तर चाकावर बसायचंच नाही.

साधी चाचणी घरीच करता येते. एका जागी, पाठ सरळ ठेवून, तासभर बसून बघा. ओटीपोट जड झालं, टाके ओढले किंवा उठताना चक्कर आली तर दोन आठवडे थांबा. आणि पुढचं काही असेल तर कार्यक्रम बाजूला ठेवून लगेच वैद्यकीय मदत घ्यायची: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ ९११. नक्की काय करावं कळत नसेल तर बहुतेक प्रांतांत ८११ वर नर्सशी बोलता येतं.

कोणता कार्यक्रम निवडायचा

२१ जून हा कॅनडात राष्ट्रीय मूळनिवासी दिवस. १९९६ पासून तो पाळला जातो आणि त्या आसपासच्या आठवड्यात जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात उघड्यावर, बहुतेकदा मोफत कार्यक्रम असतात. पहिल्या संध्याकाळीसाठी मी यालाच पहिली पसंती देईन. टोरंटो-ओटावाकडे त्या दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे 'रात्री बाहेर' म्हणून निघालेली बाई उजेडातच घरी परतू शकते. वाटेल तेव्हा उठून जाता येतं आणि हवा मोकळी असते. मॉन्ट्रियलमध्ये ऑगस्टमध्ये 'प्रेझांस ओटोक्टोन' नावाचा महोत्सव भरतो. त्यात संगीताबरोबर चित्रपट आणि चित्रंही असतात.

पॉववॉव हा दुसरा पर्याय. ओहस्वेकन, कॅमलूप्स, विनिपेग अशा ठिकाणची नावाजलेली पॉववॉव दोन-तीन दिवस चालतात, पण तुम्हाला सगळं बघायचं नाहीये. शनिवारी संध्याकाळच्या 'ग्रँड एंट्री'ला, म्हणजे सगळे नर्तक रिंगणात येतात तेव्हा जा, तासभर बसा, निघा. वेळ कार्यक्रमपत्रिकेतल्या आकड्याच्या पुढे-मागे होते हे गृहीत धरा आणि दुधाचा हिशोब त्या बेताने करा.

सभागृहातली मैफल हा तिसरा पर्याय. ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरने २०१९ मध्ये मूळनिवासी नाट्यविभागाचा पहिला हंगाम सुरू केला, आणि तिथे संगीताचे कार्यक्रमही होतात. सभागृहात खुर्ची चांगली आणि शौचालय जवळ, पण दिवे मालवल्यावर मधूनच उठणं अवघड. तिकीट काढताना कडेची, दाराजवळची जागा मागून घ्या. मध्यंतर आहे का आणि एकूण वेळ किती, हे बॉक्स ऑफिसला फोन करून विचारा. 'मला दूध काढायला खोली लागेल' हेही त्याच फोनवर सांगून टाकायचं, तिथे पोचल्यावर शोधाशोध नको.

गाण्याच्या आवाजाचीच धास्ती वाटत असेल तर कलादालन गाठा. विनिपेगचं कौमायुक मार्च २०२१ मध्ये उघडलं. समकालीन इन्युइट कलेचा जगातला सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह तिथे आहे, आणि आत शिरताच काचेच्या तीन मजली कपाटात हजारो दगडी शिल्पं मांडलेली दिसतात. व्हँकुव्हरमध्ये बिल रीड गॅलरी आहे, टोरंटोजवळ क्लाइनबर्गला मॅकमायकल. संध्याकाळी उशिरापर्यंत कोणत्या दिवशी उघडं असतं ते आधी बघून घ्या.

बाळ बरोबर न्यायचं की घरी ठेवायचं

माझं मत स्पष्ट आहे. उघड्यावरचा दिवसाउजेडीचा कार्यक्रम असेल तर बाळ बरोबर चालेल, बंद सभागृहात रात्री असेल तर बाळ घरी.

याला दोन कारणं. पहिलं संसर्गाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली गोवराची साथ इतकी लांबली की नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने गोवरमुक्त देश हा दर्जा गमावला. गोवराची लस बाळाला साधारण बाराव्या महिन्यात मिळते, तोवर बंद जागेतली गर्दी टाळलेली बरी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावं लागतं, हेही लक्षात असू द्या. दुसरं कारण कानांचं. मोठ्या पॉववॉव ढोलाभोवती सात-आठ गायक एकाच वेळी ठोका देतात आणि वर ध्वनिक्षेपक असतात. तो ठोका छातीत जाणवतो. बाळाला डोक्यावरून बसणारी, कान पूर्ण झाकणारी इअरमफ्स घाला. फोमचे बोळे लहान बाळाच्या कानात कधीही नकोत, ते निघून तोंडात जाऊ शकतात. ढोलापासून आणि स्पीकरपासून लांब, मैदानाच्या बाहेरच्या कडेला बसा.

बाळ पुढे बांधून न्यायचं असेल तर त्याची हनुवटी छातीवर टेकता कामा नये आणि चेहरा सतत दिसत राहिला पाहिजे. टॅक्सीने जाणार असाल तरी स्वतःची कार सीट घ्या.

घरी ठेवणार असाल तर ज्यांच्याकडे ठेवायचं त्यांनी आधी दोनदा तरी तुमच्या गैरहजेरीत बाळाला बाटलीने पाजलेलं असावं. तुम्ही शेजारच्या खोलीत असाल तर ती गैरहजेरी नव्हे. बाळाला तुमचा वास येतो आणि ते बाटली ढकलतं. त्या वेळी खरंच खाली चक्कर मारून या. आई किंवा सासूबाई भारतातून आल्या असतील तर सोय उत्तमच, फक्त एक गोष्ट स्वच्छ बोलून ठेवा: बाळाला पाठीवरच झोपवायचं, पाळण्यात उशी आणि जाड पांघरूण नाही. पिढ्यांच्या सवयी वेगळ्या असतात आणि हे निघायच्या वेळी घाईत सांगितलं तर विनाकारण मन दुखावतं.

दुधाचं गणित

इथे सर्वांत जास्त काळजी असते, आणि गणित मांडलं की तीच सर्वांत लवकर कमी होते.

अंगावर नीट पिणाऱ्या बाळाला पहिली बाटली साधारण तीन-चार आठवड्यांनंतर दाखवतात, म्हणजे दूध येण्याची घडी बसलेली असते. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला तासाला साधारण ३० ते ४५ मिली दूध लागतं असा ढोबळ हिशोब धरता येतो. तुम्ही पाच तास बाहेर असाल तर १५० ते २२५ मिली. ते एका मोठ्या बाटलीत भरू नका. ९० मिलीच्या दोन आणि ६० मिलीची एक असं करा. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं. इतक्या कष्टाने काढलेलं दूध ओतून देताना जीव तुटतो, म्हणून लहान माप बरं.

हे दूध एका दिवसात काढायच्या मागे लागू नका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून रोज सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दहा मिनिटं पंप लावा. सकाळी दूध जास्त असतं. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. त्याहून आधीचं असेल तर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधलं दूध पूर्ण वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून गरम करायचं. मायक्रोवेव्ह अजिबात नको, त्यात मधेच कढत भाग राहतो आणि बाळाचं तोंड भाजतं. वर जमलेली साय हलकेच गोल फिरवून मिसळते.

पाजणाऱ्याला एवढंच शिकवा: बाळ जवळजवळ उभं धरायचं, बाटली आडवी, दर थोड्या घोटांनी थांबायचं, ढेकर काढायची. बाटलीतून दूध भराभर येतं. असं थांबत थांबत पाजलं नाही तर बाळ गरजेपेक्षा जास्त पितं आणि तुमचा साठा साडेआठलाच संपलेला असतो.

आता तुमची बाजू. समजा कार्यक्रम सात ते साडेनऊ आहे आणि जायला पाऊण तास लागतो. साडेपाचला दोन्ही बाजूंनी पोटभर पाजा. सहाला निघा. सव्वाआठच्या मध्यंतरात दहा-बारा मिनिटं दूध काढा. पूर्ण रिकामं करायची गरज नाही, ताण उतरला की पुरे. सव्वादहाला घरी, आणि बाळ उठलं की अंगावर. मधलं काढणं टाळलं तर नवव्या तासाची वाट बघायला नको, चौथ्यातच छाती दाटते, गाठी होतात, आणि दुसऱ्या दिवशी ताप भरण्याची वेळ येऊ शकते. काढलेलं दूध गोठवलेल्या जेल पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत चोवीस तासांपर्यंत चालतं, तेव्हा ते फेकू नका.

जागा मिळाली नाही म्हणून शौचालयात बसून दूध काढू नका. बाळ बरोबर असेल तर आहात तिथेच पाजा. कॅनडात सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याच्या हक्काला मानवाधिकार कायद्यांचं संरक्षण आहे, कुणी तुम्हाला उठायला किंवा झाकायला सांगू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर या कार्यक्रमांत कुणी सांगणारही नाही.

गाणं ऐकताना पान्हा फुटू शकतो, विशेषतः कुठे दुसऱ्याचं बाळ रडलं किंवा अंगाई सुरू झाली तर. ब्रेस्ट पॅड्सचे दोन जोड जास्त ठेवा आणि गडद रंगाचा, छापील, पुढून उघडणारा कपडा घाला.

पिशवी आणि पोशाख यांवर जास्त विचार नको. पंप, जेल पॅक, पॅड्स, पाण्याची बाटली, थोडा खाऊ, शाल, फोनचा पॉवरबँक आणि थोडी रोख रक्कम. मैदानातले छोटे विक्रेते कधीकधी कार्ड घेत नाहीत. पिसांचा मुकुट किंवा 'त्यांच्यासारखा' वेश मात्र नको. साधे कपडे हवेत. सलवार-कमीज किंवा साडी घातली तर कौतुकच होईल.

तिथे पोचल्यावर

कार्यक्रम बहुधा त्या भूमीच्या मूळ राष्ट्रांचं (इथे मूळनिवासी समाजांना राष्ट्र म्हणतात) नाव घेऊन सुरू होतो, आणि बऱ्याचदा एखादे ज्येष्ठ प्रार्थना म्हणतात. तेवढा वेळ उभं राहायचं, बोलायचं नाही. ज्या राष्ट्राची भूमी आहे त्याचं नाव घरूनच वाचून गेलात तर ते कानांवर पडल्यावर ओळखीचं वाटतं. आपल्या लोकांत 'खरे इंडियन तर आम्हीच' असा एक विनोद चालतो, तो इथे करू नका. 'इंडियन ॲक्ट' या याच नावाच्या कायद्याने या लोकांची घरं मोडली.

काही ठिकाणी सेज, स्वीटग्रास, सिडार अशा वनस्पतींची धुरी देतात. भांडं तुमच्यापुढे आलं आणि बाळ कुशीत असेल किंवा धूर सोसवत नसेल तर मान हलवून, हात छातीवर ठेवून नम्रपणे नको म्हणता येतं. कुणी वाईट मानत नाही. काही समाजांत मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीने ढोलाच्या किंवा पवित्र अग्नीच्या अगदी जवळ जाऊ नये असा संकेत आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चालू असेल तर तिथल्या स्वयंसेविकेला हळूच विचारा. प्रेक्षक म्हणून बसायला सहसा काहीच अडचण नसते, आणि नियम राष्ट्रागणिक वेगळे असतात म्हणून विचारणंच योग्य.

ग्रँड एंट्रीला सर्वांनी उभं राहायचं, टोपी काढायची. निवेदक फोटो काढू नका म्हणाला तर फोन खाली. एखाद्या नर्तकाच्या अंगावरचं गरुडाचं पीस खाली पडलं तर सगळं थांबतं, ते उचलण्याचा विधी होतो, आणि त्याचं चित्रण करायचं नसतं. नर्तकांच्या अंगावरच्या वस्त्रांना 'कॉस्च्युम' म्हणू नका, 'रेगेलिया' म्हणतात. हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. एखाद्या नर्तिकेचा फोटो हवा असेल तर तिलाच विचारा. लहान मुलाचा हवा असेल तर त्याच्या आईला. आपल्या बाळाचा फोटो अनोळखी माणसाने काढला तर आपल्याला जे वाटेल तेच तिला वाटतं.

निवेदक 'इंटरट्रायबल' म्हणाला की रिंगण सगळ्यांसाठी उघडं होतं. बाळ बांधलेलं असलं तरी चालेल, फक्त उड्या आणि गिरक्या नकोत. ढोलाच्या ठोक्यावर साधं चालायचं, पुढच्याच्या मागे. हिवाळ्यात क्री लोकांचे राउंड डान्स रात्री होतात. त्यात हातात हात घेऊन गोलात फिरतात, पावलं अगदी सोपी, टाक्यांना त्रास न होणारी.

जिंगल ड्रेसचा नाच सुरू झाला तर काहीही करत असाल ते थांबवून बघा. झग्यावर शंकूसारखे धातूचे तुकडे ओळीने शिवलेले असतात. पूर्वी ते तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळवून करत. नर्तिकेचं पाऊल जमिनीपासून जेमतेम सुटतं आणि शंकू एकमेकांवर आपटून सरीसारखा आवाज येतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास ओजिब्वे लोकांत हा नाच सुरू झाल्याचं सांगतात. मुलगी आजारी, वडिलांना स्वप्नात हा झगा दिसतो, तो घालून ती नाचते आणि बरी होते. आजही हा नाच बरं होण्यासाठी नाचला जातो, म्हणून काही वेळा त्या वेळी सगळे उभे राहतात.

ऐकायचं कसं

इन्युइट कंठगायन, कटाजाक, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाणं वाटतच नाही. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरतात, चेहरे वीतभर अंतरावर. एक घशातून खोल, खरखरीत सूर काढते, दुसरी त्याच्या मधल्या फटीत आपला सूर बसवते. श्वास आत घेतानाही सूर, बाहेर सोडतानाही. वेग वाढत जातो आणि कुणाचा तरी श्वास तुटतो किंवा हसू फुटतं, की संपलं. हा मुळात खेळ, पुरुष शिकारीला गेले की बायकांनी खेळायचा, आणि बाळांना शांत करायलाही वापरायचा. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तो बंद पाडला होता. आज तरुण मुली तो पुन्हा शिकल्या आहेत, आणि क्वेबेकने २०१४ मध्ये त्याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. शेवटी गायिका हसतात तेव्हा तुम्हीही हसा, ते खेळाचाच भाग आहे.

तान्या टगाक हीच परंपरा एकटीने, रॉक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांसह पुढे नेते. तिला २०१४ चा पोलारिस, म्हणजे कॅनडातल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा, पुरस्कार मिळाला. तिची मैफल जोरकस असते, किंचाळ्यांपर्यंत जाणारी. पहिल्या संध्याकाळीसाठी ती निवडण्याआधी घरी वीस मिनिटं ऐकून बघा. त्यापेक्षा सौम्य हवं तर एलिसापी. उत्तर क्वेबेकच्या नुनाविकमधल्या सालुइट गावची, २०२३ मध्ये तिने जुनी गाजलेली रॉक आणि पॉप गाणी इनुक्टिटुट या इन्युइट भाषेत गायली. आणि जेरेमी डचर. न्यू ब्रन्सविकचा हा शास्त्रीय तालीम घेतलेला गायक. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झालेली आपल्या वोलास्तोक पूर्वजांची गाणी त्याने संग्रहालयात शोधली, आणि पियानोवर त्यांच्या आवाजासोबत स्वतः गायला. २०१८ आणि २०२४ असं दोनदा पोलारिस मिळवणारा तो पहिला कलाकार.

एक गोष्ट मनाची तयारी करूनच जा. मंचावरून निवासी शाळांचा उल्लेख होण्याची शक्यता मोठी आहे. सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या या शाळांत दीड लाखाहून जास्त मुलं आईबापांपासून नेऊन ठेवली गेली. भाषा तोडली गेली, हजारो मुलं परत आली नाहीत. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्या आजी तिथे गेलेल्या असू शकतात. घरी आपलं तान्हं ठेवून आलेल्या बाईला हे ऐकणं फार जड जातं. रडू आलं तर लाजू नका. फार झालं तर बाहेर जाऊन पाणी प्या, परत या. मात्र शेजारच्या आजींना 'तुम्ही होतात का त्या शाळेत?' असं विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका.

कलादालनात गेलात तर 'अमाउती' शोधा. इन्युइट आईचा हा अंगरखा. पाठीवर मोठी झोळी, वर रुंद टोप, बाळ आईच्या पाठीला चिकटून आत बसतं आणि कमरेच्या पट्ट्याने तोललं जातं. बाळ चुळबुळलं की आईला पाठीवर कळतं. तो टाका-टाका जवळून बघा. कुठे शिवण वळवली आहे, टोपाला किती सैल ठेवलं आहे. मुख्य म्हणजे त्यामागे कुठल्या तरी बाईचं नाव आहे का ते पाटीवर वाचा. जुन्या संग्रहातल्या कितीतरी वस्तूंवर नाव नसतं. पश्चिम किनाऱ्यावरचे मुखवटे बघाल तर १९२१ लक्षात ठेवा. त्या वर्षी व्हिलेज आयलंडवर एका मोठ्या पॉटलॅचनंतर मुखवटे जप्त झाले, आणि परत मिळालेले अलर्ट बेच्या उमिस्ता केंद्रात १९८० पासून आहेत.

काही विकत घ्यायचं असेल तर

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: हे कुणी बनवलं आणि ते कोणत्या राष्ट्राचे? खरी कारागीर आनंदाने सांगते. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जा. इन्युइट शिल्पावर 'इग्लू टॅग' बघा, ही अस्सलपणाची ओळखखूण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. मण्यांच्या कामाची किंमत जास्त वाटली तर घासाघीस करू नका. बोटाच्या पेराएवढ्या फुलात किती मणी एकेक करून ओवलेत ते मोजून बघा.

बाळासाठी मणी लावलेले चिमुकले मोकासिन (कातड्याचे मऊ बूट) घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. घ्या, पण फोटोपुरते घाला आणि मग उंचावर ठेवा. मणी सुटून तोंडात गेला तर घशात अडकतो. सीलच्या कातड्याची वस्तू अमेरिकेत नेता येत नाही. नारव्हाल किंवा वॉलरसच्या दाताची वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवाने लागतात. भारतात भेट म्हणून काही न्यायचं असेल तर छापील चित्र किंवा मण्यांचं कानातलं सर्वांत सोपं.

घरी आल्यावर

आधी हात धुवा, मग बाळाला घ्या. धुरीचा वास कपड्यांना असेल तर कपडे बदला. काढून आणलेलं दूध तारीख लिहून फ्रिजमध्ये. बाळ झोपलेलं असेल आणि छाती दाटली असेल तर पाच मिनिटं पंप लावून झोपा.

सभागृहाच्या कार्यक्रमात एक पेय घेतलं असेल तर साधारण दोन तासांनी पाजा. दूध काढून फेकल्याने दारू लवकर उतरत नाही, ती वेळेनेच उतरते. कॅनडात एक प्रमाण पेय म्हणजे ३४१ मिली बिअर किंवा १४२ मिली वाइन. दोन झाली तर चार तास, म्हणजे रात्रीचं एक पाजणं साठ्यातल्या दुधावर.

दुसऱ्या दिवशी थकवा येणारच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, झोप मिळूनही झोप लागत नसेल, तर ते 'नुसतं बाळंतपण' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना किंवा पब्लिक हेल्थ नर्सला सांगा. ते दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, आणि पुढचा मार्ग तिथून निघतो. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर ९८८ वर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो. ब्रिटनमध्ये १३४ मातांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गटाने गाणी म्हणणाऱ्या, मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या आया लवकर सावरताना दिसल्या. गाणं उपचारांच्या जागी नाही, जोडीला आहे. पण जोडीला नक्की घ्या.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख याच आठवड्यात कॅलेंडरवर टाका, म्हणजे बाळ सांभाळणाऱ्यांनाही आधी कळतं. टोरंटोचा इमॅजिननेटिव्ह हा मूळनिवासी चित्रपट आणि माध्यमकलेचा महोत्सव पूर्वी ऑक्टोबरमध्ये असायचा, २०२४ पासून तो जूनच्या सुरुवातीला होतो, आणि तेव्हा बाहेर पडायचं तर दूध साठवायला मेच्या अखेरीपासून सुरुवात करावी लागेल.